बाजारापासून गोठ्यापर्यंत जनावर कुणाच्या जबाबदारीवर? बाजार समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सभापती, सचिव व संचालक मंडळ,
जनावरांचा आठवडे बाजार भरवणाऱ्या राज्यातील सर्व कृषी उत्पन्न बाजार समित्या

स. न. वि. वि.

मागणी आधीच मांडतो, म्हणजे सभेच्या घाईत पत्र अर्धेच वाचले गेले तरी काम होईल. विकत घेतलेले जनावर गोठ्यावर पोचेपर्यंतच्या प्रवासाचा विमा आपल्या आवारातच, सौद्याच्या पावतीबरोबर काढता यावा. आणि आवारातून भाडे मारणाऱ्या गाड्यांची समितीच्या दप्तरी नोंद असावी. पुढे लिहिले आहे ते हे का हवे, एवढेच.

मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) आणि दुधाचा पगार यांच्या जोडीला सभासदांच्या जनावरांच्या विम्याचे कागदही माझ्याच टेबलावर लिहिले जातात. जनावर गोठ्यात मेले तर दाव्यासाठी झगडावे लागते, पण निदान वाट ठाऊक असते. तेच रस्त्यात मेले की कुणाच्या दारात जायचे हेच कळत नाही. विकणारा म्हणतो, जनावराचा दोर तुमच्या हातात दिला तिथे माझा संबंध संपला. गाडीवाला म्हणतो, मी काय मुद्दाम पाडली का गाडी? विमा कंपनी म्हणते, हे जनावर आमच्या नोंदीत नाहीच. आणि अडचण अशी की कागदावर तिघांचेही बरोबर ठरते.

विकणाऱ्याचे आधी बघू. १९३० च्या मालविक्री कायद्यात सरळ लिहिले आहे की वेगळे काही ठरले नसेल तर ज्याची मालकी त्याची जोखीम. काष्टीचा बाजार असो, लोणीचा असो, घोडेगावचा असो, आपल्याकडचे बहुतेक सौदे जागेवरचे असतात. पैसे मोजले, दोर हातात आला, की गाय घेणाऱ्याची झाली. ती गाडीत चढताना फाळक्यावरून घसरून पडली तरी घेणाऱ्याचीच पडली. व्यापारी 'गोठ्यावर पोच' म्हणून सौदा करतो तेव्हा गोष्ट निराळी होऊ शकते, खास करून हरियाणातल्या रोहतक-जिंदकडून मुऱ्हा म्हशी आणताना. हजाराहून जास्त किलोमीटरचा तो प्रवास. पोचेपर्यंत जोखीम व्यापाऱ्याची राहिली तर घेणारा निश्चिंत. पण हे 'पोच' कायम तोंडी असते. पावतीवर त्याला जागाच ठेवलेली नाही. ती पावती तुमची आहे, म्हणून हे तुम्हाला सांगतो आहे.

मग जनावराचा विमा. विकणाऱ्याने सरकारी योजनेतून विमा उतरवला असेल तर उरलेल्या मुदतीचा हक्क नव्या मालकाच्या नावे करून द्यायचा असतो. योजनेतच तशी तरतूद आहे. बाजाराच्या गर्दीत ते कोण करतो? जनावराच्या कानातल्या बिल्ल्याची ऑनलाइन मालकी बदलायलाच लोक आठ-आठ दिवस लावतात. घेणारा नवा विमा काढणार तो जनावर गोठ्यावर बांधल्यावर, डॉक्टरांची तपासणी झाल्यावर, फोटो काढल्यावर. त्यातही आजारपणाच्या मरणाला पहिले १५ दिवस संरक्षण नसते. म्हणजे ज्या रात्री जनावर सगळ्यात जास्त धोक्यात असते, त्या रात्री जुना विमा संपल्यात जमा आणि नवा सुरूच झालेला नाही. आणि समजा विमा चालू आहे, तरी कित्येक पॉलिसींत रस्त्याने ८० किलोमीटरपेक्षा लांब न्यायचे तर जादा हप्ता भरून वाहतुकीची जोखीम वेगळी घ्यावी लागते. पॉलिसीच्या मागच्या पानावरचा हा बारीक टाइप आमच्या सभासदांना दाव्याच्या वेळीच दिसतो.

सरकारने २०२४ मध्ये पशुधन विम्यात शेतकऱ्याचा हिस्सा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणला. चांगलेच केले. पण तो विमा गोठ्यातल्या जनावराचा. सगळी सवलत खुंट्याला आणि रस्त्यावर शून्य, असे झाले आहे.

आता गाडी. 'फुल इन्शुरन्स हाय दादा, बिनघोर रहा' हे वाक्य तुमच्या आवारात भाडे ठरवताना हटकून ऐकू येते. गाडीवाला खोटे बोलत नाही. त्याची पॅकेज पॉलिसी खरोखर असते. पण ती असते गाडीच्या नुकसानीची, आणि गाडीने कुणाला उडवले, कुणाची भिंत पाडली तर त्याच्या भरपाईची. हौद्यात उभ्या असलेल्या तुमच्या गायीची ती नव्हे. वाहून नेला जाणारा माल पॉलिसीच्या अटींतच बाजूला काढलेला असतो आणि कंपनी बोट ठेवते ते तिथेच. वाहतूकदाराला ग्राहकाच्या मालाची जबाबदारी उचलायची तर त्यासाठी कॅरिअर्स लायबिलिटीची पॉलिसी निराळी काढावी लागते. मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्या ती काढतात. एक पिकअप हप्त्यावर घेतलेल्या पोराने तिचे नावही ऐकलेले नसते, आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही, कारण त्याला ती कुणी कधी मागितलेलीच नाही.

ट्रॅक्टर-ट्रॉलीतून जनावर आणणारेही आहेत. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर, डिझेल टाकले की झाले. त्या ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा असतो आणि ट्रॉलीचा बहुधा नसतोच. भाड्याने जनावर नेताना काही झाले तर शेजारी आणि तुम्ही दोघेही उघड्यावर. याविषयी जास्त लिहीत नाही.

माणसाचा प्रश्न मात्र मला जनावराच्या प्रश्नाहून जड वाटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४७ नुसार मालवाहू गाडीत मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्याच्या छत्राखाली येतो. १९९४ च्या दुरुस्तीने ही सोय झाली. पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असा आहे की हा मालक केबिनमध्ये बसलेला हवा, मालाजवळ नव्हे. आता तुमच्या फाटकावर उभे राहून बघा. केबिनमध्ये ड्रायव्हर, त्याच्या शेजारी गाडीवाल्याचा ओळखीचा कुणीतरी, आणि गाय घेणारा शेतकरी मागे, हौद्यात, मोरखी धरून उभा. 'नवी हाय, बिथरंल' म्हणून तो मागे उभा राहतो. दोघातिघांनी मिळून गाडी केली असेल तर दोघे मागे असतातच. गाडी उलटली आणि त्यात हा माणूस गेला, तर त्याच्या बायकोला दावा लावताना पहिला प्रश्न विचारला जाणार: कुठे बसला होता? पशू वाहतुकीचे नियम सांगतात की गाडीत जनावरांसोबत एक राखणदार हवा. हा राखणदार बसायचा कुठे आणि त्याचा विमा कोण उतरवणार, हे दोन खात्यांनी एकत्र बसून ठरवायला हवे. तोवर निदान फाटकावरच्या तुमच्या माणसाने हौद्यातला माणूस पुढे बसवावा. याला ठरावसुद्धा लागत नाही.

मग गर्दी. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गायी-म्हशी नकोत, तळाला घसरू नये म्हणून काथ्याची चटई किंवा फळ्या हव्यात, तोंडे शक्यतो इंजिनाकडे हवीत, सोबत दुसरा माल नको, पशुवैद्यकाचा दाखला हवा, असे सगळे आहे. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५ई हा नियम आला आणि २०१६ पासून गाय-म्हशीला प्रत्येकी २ चौरस मीटर जागा आणि पक्के कप्पे बंधनकारक झाले. आता हिशेब करा. नेहमीच्या पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. म्हणजे साडेचार चौरस मीटरच्या आसपास. नियमाने त्यात दोन म्हशी बसतात. बाजारातून निघणाऱ्या पिकअपमध्ये चार असतात, कधी चार आणि वर एक रेडकू. चौघांनी भाडे वाटून घेतलेले असते म्हणून प्रत्येकाला स्वस्त पडते. वाहतुकीचा विमा काढला तरी पंचनाम्यात 'चार जनावरे' असे आले की दावा लटकलाच म्हणून समजा. विमा हवा असेल तर भाडे वाढणार, हे मी आमच्या सभासदांनाही स्पष्ट सांगतो. त्यांना ते आवडत नाही.

गाडीवाल्यावर कायद्याने काहीच जबाबदारी नाही का? आहे. २००७ चा रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा 'माल' या शब्दात जनावरे धरतो. मालाचे नुकसान झाले तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा आपण सिद्ध करत बसायची गरज नाही, इतपत तो आपल्या बाजूचा आहे. पण त्याच कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी भरपाईला वेसण घातली आहे: भाड्याच्या दहापट, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या वर नाही. सहा हजार भाडे दिले तर जास्तीत जास्त साठ हजार. चांगल्या दुसऱ्या वेताच्या गायीची किंमत याच्या पुढे असते. जास्त जोखमीचा दर ठरवून, लिहून घेतला तर जबाबदारी वाढवता येते. आणि लेखी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. पण हे सगळे ज्याच्याकडे बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची मालाची पावती, आहे त्याने करायचे. आपल्याकडे भाडे ठरते चहाच्या टपरीवर, पुरावा म्हणून असतो एक मोबाइल नंबर, तोही 'पिंटू पिकअप' या नावाने सेव्ह केलेला.

आमच्या एका सभासदाचे उदाहरण देतो. बाजाराचे, गाडीवाल्याचे, कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही. त्याने दोन गायी घेतल्या, एक पहिलारू, एक आठ महिन्यांची गाभण. रात्री घाटात ब्रेक दाबताना गाडी कलंडली नाही, पण दोन्ही जनावरे पुढे आदळली. हौद्यात नुसते पाचट होते, पकड कसलीच नव्हती. पहिलारूचा पुढचा पाय मोडला. गाभण गाय दिसायला ठीक होती, तिचा तिसऱ्या दिवशी गाभ पडला. गाडीला ओरखडा नाही, म्हणून अपघाताची नोंदच नाही. पाय मोडलेली गाय जिवंत, म्हणून मृत्यूचा दावा नाही. कायम अपंगत्वाचे संरक्षण जादा हप्ता भरून घेतलेले असेल तरच मिळते. गाभ पडल्याचे तर साध्या पॉलिसीत कुठे बसतच नाही. गाडीवाल्याने भाडे परत केले, आणि त्याच्या परीने तो माणुसकीने वागला. कागद मात्र एकच निघाला, तुमच्यासारख्याच एका समितीची पावती. तिच्यावर दोन्ही गायींची मिळून किंमत होती सत्तर हजार. प्रत्यक्षात त्याने मोजले होते त्याच्या दुपटीहून जास्त.

या सत्तर हजारांबद्दल मला तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचे आहे. रुमालाखाली बोटे धरून ठरलेला भाव पावतीवर येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. बाजार फी वाचावी म्हणून घेणारा, विकणारा, दलाल तिघेही कमी आकडा सांगतात आणि तुमचा कारकून तो लिहून घेतो. शेकड्यामागे वाचणारी रक्कम किरकोळ. पण पुढे विमा असो, न्यायालय असो, वाहतूकदाराची जबाबदारी असो, सगळीकडे जनावराची किंमत म्हणून हाच आकडा उभा राहतो. मी तर म्हणेन, फी किमतीवर न घेता जनावरामागे ठरावीक घ्या, म्हणजे खोटे लिहायचे कारणच उरणार नाही. उत्पन्न कमी होईल अशी भीती असेल तर एका बाजाराच्या वाराला करून बघा.

तुम्ही म्हणाल, विमा विकणे हे समितीचे काम नाही. बरोबर आहे. पण अडत्याला परवाना तुम्ही देता, हमालाला देता, तोलाराला देता. जनावर घेऊन जाणाऱ्या गाडीवाल्यालाच तेवढे मोकळे का सोडले? त्याच्या गाडीचे नोंदणीपुस्तक, फिटनेस, विम्याची मुदत, ड्रायव्हरचे लायसन्स एकदा बघून एक नोंद क्रमांक द्यायचा आणि तो काचेवर चिकटवायचा. लायसन्सबद्दल नवे काही नको. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचे लायसन्स चालते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केले आहे. पिकअपवाल्यांची त्यामुळे अडवणूक होणार नाही.

विम्यासाठी लागणारे सगळे तुमच्या आवारात एका जागी असते, हे लक्षात घ्या. जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेले जनावर राज्यात बाजारात आणता येत नाही. म्हणजे १२ आकडी ओळख तयार. आरोग्य दाखला लागतोच, म्हणजे पशुवैद्यक तपासतो. घेणारा, विकणारा, किंमत, गाडी, जायचे गाव, सगळे एका टेबलापासून शंभर पावलांत. अशा ठिकाणी एखाद्या कंपनीशी बोलून समितीच्या नावाने ओपन पॉलिसी (सगळ्या खेपांसाठी मिळून एकच पॉलिसी) घेतली आणि दर बाजाराला निघालेल्या जनावरांची यादी कळवली, तर एकेकट्या शेतकऱ्याला दारात उभे न करणारी कंपनीही ऐकून घेईल. किमान टक्कर, गाडी उलटणे आणि आग एवढ्या तीन गोष्टी तरी त्यात असाव्यात. चढवताना-उतरवताना होणारी इजा हवी, हे मात्र हट्टाने मागा. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत पाय मोडतो तो बहुतेक वेळा फाळक्यावरच.

त्यावरून आठवले. माल चढवायला मातीचा धक्का नीट बांधलेला नाही असे बाजार अजून आहेत. गाडी खड्ड्यात मागे घ्यायची, फाळका टेकवायचा, दोघांनी शेपूट पिळायची आणि एकाने ओढायचे. हौद्याच्या उंचीचा सिमेंटचा उतार बांधायला किती लागते? विम्याचे कंपनीशी जमेल तेव्हा जमेल, हे पावसाळ्याआधी करून टाका.

पोलीस किंवा आणखी कुणी वाटेत गाडी अडवली आणि जनावरे ताटकळली, तर त्या हालांची भरपाई कुठलाच विमा देत नाही. राज्याच्या गोवंश हत्याबंदी कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर गोवंशाची वाहतूक करणारा प्रत्येक जण जीव मुठीत धरून निघतो, अगदी दुभती गाय स्वतःच्या गोठ्यावर नेणारासुद्धा. इथे उपाय एकच, कागद. तुमची पावती, दाखला, बिल्ला क्रमांक आणि गाडी क्रमांक एकाच पानावर, शिक्क्यासह, वाचता येईल अशा अक्षरात. आज त्या पावत्या कार्बनच्या तिसऱ्या प्रतीवर मिळतात आणि रात्री टॉर्चच्या उजेडात काही दिसत नाही.

रस्त्यात जनावर मेलेच तर काय करायचे, याचा एक फलकही फाटकावर लावा. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करून जवळच्या पशुवैद्यकाला बोलवा, शवविच्छेदनाशिवाय पुरू नका, बिल्ल्यासह कानाचा आणि गाडीच्या क्रमांकासह जनावराचा फोटो काढा, कंपनीला त्याच दिवशी कळवा. लोक घाबरून जनावर पहाटेच ओढ्याकाठी पुरून येतात आणि दुपारी माझ्याकडे अर्ज लिहायला येतात.

आपल्या पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा, एवढी विनंती आहे. आमच्या संस्थेने गाडीवाल्यांसाठी एक पानी करार छापून घेतला आहे. त्यात गाडी आणि लायसन्सचा क्रमांक, विम्याची मुदत, जनावरांची संख्या, बिल्ले, खरी किंमत, भाडे, तळाला काय अंथरले आहे, कोण कुठे बसणार आणि नुकसान झाल्यास गाडीवाला किती देणार, एवढेच लिहायचे असते. गाडीवाले आधी कुरकुरतात. खरी किंमत वाचून दोघे-तिघे भाडे सोडूनही गेले. बाकीचे सही करतात, आणि त्यातल्या काहींनी तळाला रबराच्या मॅट टाकून घेतल्या आहेत. मसुदा हवा असल्यास कळवावे, त्याच दिवशी पाठवतो.

आपला,
एका गावच्या दूध संस्थेचा सचिव